सुपारीचा कार्बन

पेटीत काळे गोळे अठ्ठावीस.
एक गेला, गोदेचं पाणी स्टोअरमध्ये शिरलं त्या वर्षी.
ओढेकर मॅडम म्हणाल्या,
निकुंभ, मागणी लिहिली तर तीन वर्षांनी येईल,
आणि येईल तो हिरवा.
मग मी भद्रकालीतून सुपारी आणली,
फळ्याचा रंग दिला,
तापल्या दाभणानं चार भोकं पाडली.
भोकाभोकांत एकशे नऊ अंश, वर अर्धा.
तो अर्धा सापडेपर्यंत
सात सुपाऱ्या फुटल्या.

दर जूनला त्या गोळा वर धरायच्या.
याला चारच हात,
पण हा कुणाचाही धरतो, स्वतःच्या भावाचासुद्धा.
सोनं कुणात मिसळत नाही,
म्हणून पडून राहतं सराफाच्या पेटीत.
हा मिसळतो,
म्हणून तुम्ही बाकावर आहात.

भाकरी आणि वही एकाच साखरेची, म्हणायच्या.
एकीत कड्या सुलट,
दुसरीत एकाआड एक पालथी.
एवढ्याशा पालथेपणावर गाय पोसते,
आणि आपण गवताच्या गंजीवर बसून उपाशी मरू.
नाशिकरोडला नोटा छापतात तो कागद कापसाचा,
म्हणजे तोही साखरच.
पण निकुंभ, चघळून बघू नका.

जानेवारीत लासलगावचा कांदा.
मी ठेचायचो, पोरं रडायची.
भांड्यांचा साबण, चिमूटभर मीठ,
फडक्यातून गाळून
वर बर्फातलं स्पिरिट, कडेकडेनं, घाई न करता.
पांढरे धागे वर येत, शेवया जशा.
काचेच्या कांडीवर ते गुंडाळताना
मॅडम बोलायच्या थांबत.
एकदा मागून रुखसार म्हणाली,
मॅडम, यात लिहिलंय काय?
कांदा कसं व्हायचं ते.
आणि वाचतं कोण?
कांदाच.
मग कुणी काही विचारलं नाही.
नळ तेवढा ठिबकत होता.

मंगळवारी रामकुंडावर आम्ही दोघंच,
त्यांचा भाचा आणि मी,
मध्ये लाल फडक्याचा गडवा.
गुरुजी भराभर म्हणत होते.
मी सवयीनं मनात हिशेब मांडला:
यात कॅल्शियम. फॉस्फेट.
कार्बन जवळपास नाहीच.
तो शनिवारीच गेला अमरधामावरून,
दोन हात या ऑक्सिजनला, दोन त्या ऑक्सिजनला देऊन,
म्हणजे एकही मोकळा न ठेवता.
वारा मखमलाबादकडे होता.
तिकडे द्राक्षांची छाटणी होऊन महिना झालाय,
पानं कोवळी आहेत, उघडी आहेत.
याहून जास्त मी म्हणत नाही.
निरीक्षण आणि अनुमान
यांचे रकाने वेगळे असतात वहीत.
त्यांनीच आखायला लावले होते, लाल शाईनं.

एक सुपारी कमी आहे, गुरुजी म्हणाले.
माझा हात खिशात गेला.
तिथं ती होती. पाण्यात सोडायची
असं ठरवूनच आणली होती, खरं सांगायचं तर.
त्यांनी उलटसुलट पाहिली.
ही काळी कशी? आणि भोकं कसली?
तीस वर्षं झाली तिला, मी म्हणालो.
ते काही उत्तर नव्हतं.
छिद्राची चालत नाही, म्हणाले.
बरं झालं.

भाच्यानं पायऱ्यांवरच्या टपरीतून दुसरी आणली,
धड, गुळगुळीत,
हात नसलेली.
ती गेली पाण्यात.

सोमवारी अकरावीची पहिली बॅच. मिथेन.
पेटी उघडून मोजले:
सत्तावीस, आणि ही.
एक भोक सैल झालंय, काडी टिकत नाही,
पांढरा गोळा मान टाकतो.
जुन्या जर्नलचा कोपरा फाडला,
घडी करून दाबून बसवला.
आता हलत नाही.